एक्केचाळिसावा शुभेच्छुक

सबीना मुल्लाला रुंद मॉनिटर हवा होता तो माणसं मोजायला. आता असलं कारण कुणाला सांगायची सोय आहे का? ऐकणाऱ्यानं हळूच खुर्ची मागं सरकवली असती. म्हणून तिनं सगळ्यांना सांगितलं, की जुना पडदा लहान आहे आणि डोळ्यांना त्रास होतो. पडदा लहान होता हे तर खरंच होतं.

मलकापुरात तिच्या घरी फ्लेक्स डिझाइनचं काम चालायचं. वाढदिवस, निवड, बारसं, श्रद्धांजली, येईल ते. वर मधोमध उत्सवमूर्तीचा मिशीला पीळ देतानाचा नाहीतर कानाला फोन लावलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांची रांग. उत्सवमूर्ती कसाही आला तरी खपतो हो, पण रांगेतलं एक डोकं गळालं की गावात दोन गट पडलेच म्हणून समजा. त्यामुळे छापायला धाडण्याआधी डोकी मोजायची, यादीशी ताडायची, आणि मगच पाठवायची, ही या धंद्यातली रीत.

आणि गेले सहा महिने सबीनाची मोजणी जुळत नव्हती. यादीत चोवीस असले की तिला पंचवीस दिसायचे. बत्तीस असले की तेहतीस. कमी कधीच नाही, नेमका एक जास्त. तिचा पडदा सतरा इंची, चौकोनी, नवऱ्यानं, तारिकनं, लग्नाच्या वर्षी घेतलेला. वीस फुटी फ्लेक्स त्यात एका वेळी मावायचा नाही. सरकवत सरकवत बघायला लागायचा. कडेला अर्धा कापलेला माणूस पुढं सरकवल्यावर पुन्हा पुरा दिसायचा. तोच दोनदा मोजला जात असणार, दुसरं काय, असं ती स्वतःला बजावत होती. सगळी रांग एका नजरेत मावणारा पडदा आणला की हे थांबेल. आणि नाही थांबलं तर? त्याचा विचार ती करत नव्हती. भीती वाटायची तिला, चांगलीच भीती वाटायची.

कारण तो जास्तीचा माणूस कोण, हे तिला ठाऊक होतं.

गेल्या साली लालासाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. लालासाहेब म्हणजे ऊस, ट्रॅक्टर आणि माणसं या तिन्हींचा भरपूर साठा असलेला गडी. फ्लेक्स दरवर्षीचा. त्यामुळे आदल्या सालची फाइल उघडायची, उत्सवमूर्तीचा फोटो बदलायचा आणि रांगेतली माणसं यादीप्रमाणे इकडची तिकडं करायची. तारिक त्या दिवशी बाहेर फ्लेक्स बांधायला गेला होता, म्हणून हे काम सबीनानं केलं. पडद्यावर रांगेची उजवी बाजू होती, ती तिनं नीट लावली. डावीकडं सरकवून बघायचं राहून गेलं. खालच्या ओळीत डावीकडून तिसरा होता आकाराम. पांढरी टोपी, जोडलेले हात, हसरं तोंड.

आकाराम नऊ दिवसांपूर्वी वारला होता. बरं, हे सबीनाला माहीत नव्हतं असंही नाही. त्याच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स याच घरातनं गेला होता, याच फोटोचा. चौकाच्या एका अंगाला तो अजून लटकत होता. समोरच्या अंगाला दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेबांच्याच माणसांनी त्यांचा फ्लेक्स बांधला. आकारामची बायको भामाबाई नदीवर दहाव्याचा विधी उरकून रिक्षातनं परत येत होती. एका बाजूला नवऱ्याला श्रद्धांजली, दुसऱ्या बाजूला तोच नवरा हात जोडून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतोय. बाई भर चौकात रिक्षातनं उतरली आणि मटकन खाली बसली.

फोन आला तेव्हा तारिक जेवायला बसला होता. सबीना म्हणणार होती, अहो, ते मी केलंय. पण त्याआधीच तो फोनमध्ये म्हणाला, "चूक माझी हाय, लालासाहेब. आत्ता उतरवतो." उष्ट्या हातानंच तो उठला. ऊन तापलेलं, वारा सुटलेला. एकटाच वर चढला. बांबूचा एक जोड सुटला आणि तो खाली डांबरावर आला. कऱ्हाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

लोकांचं काय, तीन दिवस हळहळले आणि चौथ्या दिवशी बोलायला लागले. मेलेल्याला चौकात लावला, तो घेऊन गेला त्याला. असं कुठं असतं का? पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. सबीनाची सासू सलिमा, तारिकची आई, हे सगळं ऐकत होती. ती तोंडाची फटकळ, पण लेकाच्या चुकीनं तिची मान खाली गेली. चाळिसाव्यानंतर ती एकटी भामाबाईच्या दारात गेली, पदर पसरून म्हणाली, "माझ्या पोराला माफ कर बाई. ध्यान नव्हतं त्याचं कामात." सबीना तेव्हा नवरा गेल्यावरच्या इद्दतीत होती, घराबाहेर पडत नव्हती. सासू परत येऊन हे सांगत होती तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. त्या दिवशी बोलली असती तर निभावलं असतं. त्या दिवशी बोलली नाही, मग पुढं रोज एक दिवस जास्त अवघड होत गेलं.

मूल नव्हतं. माहेरी भावजयांचं राज्य. आपलं म्हणावं असं माणूस राहिलं होतं ते सलिमा, आणि ती सलिमा उठता-बसता म्हणायची, "गाफील होता गं माझा पोरगा." सबीना मान हलवायची. मान हलवल्याबद्दल तिला स्वतःची जी शिसारी यायची ती सांगून कुणाला कळणार नाही.

तर या वर्षी लालासाहेबांचा वाढदिवस पुन्हा आला. काम दुसरीकडं जाईल असं वाटलं होतं, पण लालासाहेबांनीच निरोप धाडला, की पोरीकडंच द्या. यादी चाळीस जणांची. सबीनानं तीन दिवस खपून फ्लेक्स केला, मोजला. एक्केचाळीस. पुन्हा मोजला. एक्केचाळीस. पडदा सरकवत डावीकडं गेलं की तो दिसायचा, पांढऱ्या टोपीचा. जवळ जाऊन बघितलं की तिचे डोळे पाण्यानं भरायचे आणि काहीच धड दिसायचं नाही.

मिरजेला सलिमाच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याची तपासणी होती. तिथनं सांगली किती लांब? सबीनानं पेन ड्राइव्हवर फ्लेक्स घेतला. कऱ्हाडातही दुकानं होती, पण तिथला प्रत्येक दुकानदार तारिकला ओळखायचा आणि "वहिनी, कसं झालं हो ते?" असं विचारायचा. ते नको होतं.

गणपती पेठेच्या मागच्या गल्लीतलं कॉम्प्युटरचं दुकान; तपासणी उरकून दोघी तिथं आल्या. मालक जयराज, चाळिशीचा, बोलायला सुरुवात केली की श्वास घ्यायला विसरणारा.

"बसा मावशी, स्टुलावर बसा. बोला ताई, कशाला पायजे? पिक्चर, गेम, का हापिसचं काम?"

"फ्लेक्सचं काम आहे. रुंद पाहिजे. एका वेळी सगळं दिसलं पाहिजे. आणि बारा हजारांच्या वर जायचं नाही."

"मग मी काय सांगतो ऐका. जाहिरातीवर जाऊ नका. हा बावीस इंची, स्वस्त हाय, पण कडेनं बघितलं की रंग मळकट दिसतो. उत्सवमूर्ती काळा पडला तर तुमाला धरतील. हा चोवीस, कुठनंबी बघा, रंग तोच. आणि हा एकोणतीस इंची, लांबडा. दोन पडदे शेजारी ठेवल्यागत. नवा तुमच्या हिशोबात बसायचा न्हाई, पण हा मांडून ठेवलेला पीस हाय, बाराला देतो. वॉरंटी पुरी. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला निळी पिन असंल तर जोडणी लागंल, ती माझ्याकडनं."

"आधी फाइल उघडून बघू?"

"बघा की. बघण्यावर टॅक्स न्हाई."

बावीस इंचीवर फ्लेक्स उघडला. सगळा मावला, पण डोकी ज्वारीच्या दाण्याएवढी. सबीनानं ओठातल्या ओठात मोजलं. एक्केचाळीस. दारातनं उजेड येतोय, ती म्हणाली, नीट दिसत नाही. चोवीसवर मोजलं. एक्केचाळीस. जयराज रंगांबद्दल काहीतरी सांगत होता, ते तिच्या कानावर पडत होतं आणि आत जात नव्हतं.

मग एकोणतीस इंची लावला.

वीस फुटी फ्लेक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम समोर आला. सरकवायचं काही नव्हतं, कापलेलं कुणी नव्हतं. वरच्या ओळीत वीस, खालच्या ओळीत बाकीचे, प्रत्येकाचे नाक-डोळे ओळखू येतील एवढे. आणि खालच्या ओळीत डावीकडून तिसरा आकाराम. पांढरी टोपी, जोडलेले हात. आज तर त्याच्या टोपीवरचा डागसुद्धा दिसत होता. दुकानात पंखा चालू होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता, दुपारचे दोन वाजलेले, आणि मेलेला माणूस तिच्याकडं बघून हसत होता. पडद्याची चूक नव्हती तर. पळून जावंसं वाटलं तिला.

"दादा," ती कशीबशी म्हणाली, "जरा मोजता का? किती जण आहेत?"

जयराजनं पेनच्या टोकानं भराभर मोजलं. "चाळीस."

"नीट मोजा."

"चाळीसच हायत, ताई. खाली एक जागा तेवढी मोकळी दिसती. कोण यायचं राहिलंय काय?"

"सर गं तिकडं," सलिमा स्टूल पुढं ओढत म्हणाली. "मी मोजते. एवढा नवा डोळा करून आणलाय तो काय नुसता मिचकावायला?" तिनं पडद्याला नाक लावलं आणि एकेका डोक्यावर बोट टेकवत सावकाश मोजलं. मध्येच एकाला ओळखून "ह्यो मेला अजून पान खातोय वाटतं" असंही म्हणून घेतलं. "चाळीस. काय झालं काय तुला? तोंड का पांढरं पडलंय?"

"मला एक्केचाळीस येतात, अम्मी. कधीपासनं येतात."

"मोज माझ्यासमोर. मोठ्यानं. बोट ठेवून."

सबीनानं मोजायला सुरुवात केली. वरची ओळ वीसवर संपली. खालची सुरू झाली. एकवीस. बावीस. तेवीस.

सलिमानं तिचा हात तिथंच धरला.

"थांब. हितं कोण हाय?"

सबीनाचं बोट त्या जागेवरच टेकलेलं राहिलं.

"हितं कुणी न्हाई, सबीना. नुसतं पांढरं हाय. आणि तू तेवीस म्हणालीस. कुणाला मोजलंस?"

सासूचा हात मनगटावर घट्ट होता. ज्यांनी तारिकला न्हाऊमाखू घातलं होतं तेच हे हात. सबीनाच्या मनात आलं, अजूनही काहीतरी सांगता येईल. चक्कर आली म्हणावं. डोळ्यांचा दोष म्हणावं. अकरा महिने असंच काहीतरी म्हणत आलेय, आणखी एक वर्ष म्हणेन, आणि दर फ्लेक्सात हा बाबा हात जोडून उभा राहील. नको. आता नको.

"आकाराम," ती म्हणाली.

"कोण? भामाबाईचा?"

"मी काढून टाकलाय त्याला, अम्मी. फाइलीत न्हाई तो. पण त्याच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवायला माझा हात होत न्हाई, आणि मला तो दिसतो."

"अगं, चूक करून गेला तो गेला. तू कशाला जीव काढतीस—"

"तारिकनं न्हाई लावला. मी लावला होता. गेल्या सालचा फ्लेक्स मी केला होता, अम्मी. तारिकनं तो बघितलासुद्धा नव्हता."

जयराज शहाणा माणूस. तो जोडणी शोधायला म्हणून आतल्या खोलीत गेला आणि आतच राहिला.

सलिमानं मनगट सोडलं. ती पडद्यावरच्या त्या पांढऱ्या जागेकडं बघत होती. "फोनवर तर तो म्हणाला, माझी चूक."

"माझ्यासाठी म्हणाला. मला कुणी बोलू नये म्हणून."

"आणि तू बोलू दिलंस त्याला."

"व्हय."

"मी भामाबाईच्या दारात पदर पसरला. माझ्या पोराचं नाव घेऊन. तू घरात होतीस."

"व्हय, अम्मी."

सबीनाला वाटलं आता ही मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं तिला. पण सलिमानं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली.

"नमाज झाली की दुआ मागायला हात उचलायचे," ती म्हणाली, "आणि त्याचं नाव आलं की राग यायचा. म्हणायची, कसला गाफील रं तू, स्वतः गेलास आणि माझ्या तोंडाला काळं फासून गेलास. आणि तसेच हात खाली घ्यायची. अकरा महिने, सबीना. माझ्या एकुलत्या एक लेकासाठी मी एकदाबी धड दुआ मागितली न्हाई."

सबीना तोंडात पदराचा बोळा कोंबून रडली. सलिमा रडली नाही. थोड्या वेळानं ती उठली, साडी झटकली आणि आतल्या खोलीकडं बघून म्हणाली, "अवो दादा, हा लांबडाच बांधून द्या. ह्यात खरं दिसतंय."

एसटीत दोघी एकाच बाकावर बसल्या. सलिमा खिडकीशी, सबीनाच्या मांडीवर तो लांबलचक खोका. आष्टा गेलं, पेठ नाका गेला, सलिमा बाहेर उसाकडं बघत होती. कंडक्टरनं खोक्याचं वेगळं तिकीट काढायला लावलं, त्यावरनंही ती भांडली नाही, आणि ही बाई कंडक्टरशी भांडत नाही म्हणजे काय ते समजा. सबीनाला एकेक मैल जड जात होता. घरी गेल्यावर ही माझी पिशवी दारात ठेवणार, ती मनाशी म्हणत होती, आणि तिचं काही चुकणार नाही.

कऱ्हाडला उतरल्यावर सलिमा मलकापूरच्या रिक्षाकडं वळली, पण घराच्या बोळात शिरली नाही. कबरस्तानाच्या फाटकाशी तिनं रिक्षा थांबवली. त्यांच्याकडच्या बायका आत जात नाहीत. फाटकाच्या गजाला धरून ती उभी राहिली. तारिकची कबर तिथनं दिसायची, लिंबाच्या पलीकडं, चौथी.

"तारिक," ती मोठ्यानं म्हणाली. येणारे-जाणारे बघायला लागले, तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. "तारिक बेटा, मी लय बोलले रं तुला. तुझी चूक नव्हती. मला आज कळलं. तुझ्या अम्मीला माफ कर."

मग ती बाजूला सरकली आणि सबीनाला म्हणाली, "आता तू."

"अम्मी, मी—"

"त्याला सांग. मला सांगून काय उपेग? मोठ्यानं सांग."

सबीनानं खोका खाली ठेवला. गजाला धरलं. ऊन उतरलं होतं तरी गज गरम होता.

"आकाराम मी लावला होता," ती म्हणाली. "तुम्ही अंगावर घेतलंत. आणि मी तसंच राहू दिलं. तुम्ही गेल्यावरसुद्धा राहू दिलं."

आत कुणी नव्हतं. लिंबाखाली एक कुत्रं झोपलं होतं. शेजारी सलिमानं दोन्ही हात उचलले होते, डोळे मिटले होते, ओठ हलत होते, आणि ते हात खाली यायला तयार नव्हते. कितीतरी वेळ. सबीनाला आपलेही हात उचलावेसे वाटले, पण तिला धीर झाला नाही. खोक्याशेजारी ती नुसती उभी राहिली.

शेवटी सलिमानं तोंडावरनं हात फिरवले.

"अम्मी," सबीना म्हणाली, "मी आज कुठं जाऊ?"

"कुठं म्हंजे? घरी." सलिमानं तिच्याकडं बघितलं नाही. "त्यानं तुला वाचवायला सगळं अंगावर घेतलं. तुला बाहेर काढणारी मी कोण? पण थोडे दिवस माझ्याशी बोलू नको, सबीना. मला माझ्या पोरासाठी रडायचंय. ते राहिलंय माझं."

सबीनानं मान हलवली.

"उचल खोका," सलिमा म्हणाली. "आधी भामाबाईकडं जायचंय. आणि तिच्या दारात तू बोलायचंस, मी न्हाई."